आढ्याचें पाणी वळचणीला

वैशाखाचा उत्तरार्ध सुरू झाला, रोहिणी नक्षत्राचें ऊन अंग भाजूं लागलें, कीं कोंकणांतल्या आणि देशावरच्या घराघरांत एकच प्रश्न उभा राही: यंदा छपराचें काय? धान्य कणगींत गेलेलें असे, लांकूडफांटा पडवींत रचलेला असे, पापड-लोणचीं बरण्यांत भरलेलीं असत. परंतु डोक्यावरचें छप्पर जोंवर नीट झालें नाहीं, तोंवर यांपैकीं कशाचाच भरंवसा नसे. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याच्या आधीं घर शाकारून झालें पाहिजे, हा संसाराचा अलिखित नियम होता. ज्याचें घर मृगापूर्वीं शाकारलें गेलें नाहीं, त्याला पुढचे चार महिने घरांत पातेलीं मांडून बसावें लागे.

युरोपांतील थंड देशांत घरमालक हिवाळ्यापूर्वीं छपरावर चढतो. बर्फ सांठण्याआधीं फटी बुजविल्या नाहींत, तर वितळलेलें पाणी घरांत उतरतें. महाराष्ट्रांत तेंच काम पावसाळ्यापूर्वीं करावें लागतें. गवताचें छप्पर नव्यानें घालणें असो, वा कौलें उचलून पुन्हा बसविणें असो, दोहोंनाही ‘शाकारणी’ हाच शब्द चालतो. इतिहासाच्या ग्रंथांत लढाया, तह आणि राजवाडे यांचें वर्णन विपुल असतें. परंतु ज्या घरांत सामान्य माणूस जन्मला, वाढला आणि मेला, तें घर पावसांत कोरडें कसें राहिलें, याची नोंद क्वचितच कोणी घेतो. वस्तुतः छपराच्या या साध्या कथेंत जंगलाचा कायदा, जर्मन मिशनऱ्याची भट्टी, प्लेगचे उंदीर आणि एका पहाटेचा भूकंप, इतक्या गोष्टी येऊन बसल्या आहेत.

छपराचा पहिला शिल्पकार पाऊस होय. मुंबईस पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारें ९० इंच पाऊस पडतो. १,००० चौरस फुटांच्या एका छपरावर तेवढ्या पावसाचें पाणी मोजलें, तर तें २ लाख लिटरांहून अधिक भरतें. महाबळेश्वरास हेंच प्रमाण २०० इंचांच्या वर जातें. उलट घांट ओलांडून पूर्वेकडे गेलें कीं पाऊस एकदम ओसरतो. पुणें-सोलापुराकडे वर्षाकांठीं २५ ते ३० इंच म्हणजे भरपूर. या एका फरकानें मराठी घरांचे दोन मोठे पंथ पडले. कोंकणांत आणि घांटमाथ्यावर पाणी जितकें लवकर घरापासून दूर जाईल तितकें बरें, म्हणून छप्पर उतरतें. पूर्वेच्या कोरड्या मुलखांत उन्हापासून बचाव अधिक महत्त्वाचा, म्हणून छप्पर सपाट, जाड आणि मातीचें. ‘आढ्याचें पाणी वळचणीला’ ही म्हण पहिल्या पंथाची. अशक्य गोष्ट सांगावयाची झाल्यास तीच उलटवून ‘वळचणीचें पाणी आढ्याला’ असें म्हणत. पाण्यानें खालींच जावें आणि त्याला खालीं जाऊं द्यावें, एवढेंच त्या छपराचें शास्त्र होतें.

सर्वांत जुनें व सर्वांत स्वस्त छप्पर गवताचें. ठाण्या-कुलाब्याच्या डोंगराळ भागांत गवत आणि सागाचीं किंवा पळसाचीं पानें, भाताच्या मुलखांत पेंढा, आणि समुद्रकांठीं माडाच्या झावळ्या विणून केलेलीं झापें, अशी ज्याची त्याची सोय असे. गवताची काडी पाणी अडवीत नाहीं. ती तें आपल्या खालच्या काडीच्या स्वाधीन करते, आणि असें करीत करीत थेंब वळचणीला पोंचतो. छपराचा उतार ४५ अंशांच्या आसपास ठेवला, तर पाणी फक्त वरच्या एक-दोन बोटांच्या थरांत भिजतें आणि आंतलें गवत कोरडें राहतें. उतार कमी झाला कीं पाणी रेंगाळतें आणि गवत कुजूं लागतें. घरांतल्या चुलीचा धूरही या छपराला उपकारक असे. त्यानें गवत कोरडें राही आणि किडीला आळा बसे. तरीही दोन-तीन पावसाळ्यांनंतर गवत काळें पडे, आणि नवा थर चढवावा लागे.

गवताचा खरा शत्रु मात्र पाऊस नव्हता, विस्तव होता. शिवाजी महाराजांच्या काळांत चिपळूणच्या बाजूस पावसाळी छावणींत राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना लिहिलेलें एक पत्र इतिहासज्ञांत प्रसिद्ध आहे. घोड्यांसाठीं सांठविलेल्या गवताची आणि छावणींतील खोपट्यांची त्यांत जी काळजी दिसते, ती वाचणाऱ्याला आजही थक्क करते. कोणी चूल पेटवील, कोणी तमाखू ओढील, रात्रीं जळता ठेवलेल्या दिव्याची वात एखादा उंदीर ओढून नेईल, आणि एका खोपट्याला लागलेली आग साऱ्या छावणीला खाईल, असा इशारा त्यांत दिला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गवत गेलें तर घोडीं मरतील, आणि घोडीं मेलीं तर उपद्रव रयतेला होईल, असा तो विचार होता. गवताच्या छपराखालीं राहणाऱ्या प्रत्येक गांवाला ही भीति ठाऊक होती. चैत्र-वैशाखांतल्या वाऱ्यांत एक ठिणगी उडाली, तर आळीच्या आळी अर्ध्या प्रहरांत राख होई.

एकोणिसाव्या शतकांत या छपरावर आणखी एक संकट आलें, आणि तें आकाशांतून आलें नाहीं. १८७८ च्या जंगल-कायद्यानें राखीव व संरक्षित जंगलें ठरविण्यांत आलीं, आणि लांकूड, बांबू, गवत, पानें हीं सारीं ‘जंगलचें उत्पन्न’ या सदरांत जाऊन बसलीं. ज्या गवताला कालपर्यंत फक्त विळा चालविण्याच्या श्रमाची किंमत होती, त्याच्यासाठीं आतां परवानगी आणि शिपायाची मर्जी लागूं लागली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला, कीं १८८५ मध्यें मुंबई सरकारला चौकशीसाठीं जंगल-कमिशन नेमणें भाग पडलें. त्या तक्रारींत शेताच्या राबाचा प्रश्न मोठा होता हें खरें. परंतु वासा, बांबू आणि छपराचें गवत कोठून आणावयाचें, हाही गरिबाच्या दृष्टीनें तितकाच जिव्हाळ्याचा प्रश्न होता. घर शाकारणें हें जें दरवर्षींचें साधें कर्तव्य, तें कांहीं कुटुंबांना चोरी करूनच पार पाडावें लागलें.

ज्यांना ऐपत होती, त्यांनीं गवत सोडून कौलांचा आश्रय पूर्वींच केला होता. देशी कौल हें गांवच्या कुंभाराचें काम. चाकावर मातीचा नळ उभा करावयाचा, तो ओला असतांच उभा चिरून त्याच्या दोन फांकी करावयाच्या, उन्हांत वाळवून भट्टींत भाजावयाच्या. म्हणूनच त्यांना ‘नळीचीं कौलें’ म्हणत. छपराच्या वाशांवर बांबूच्या कामट्या पसरून त्यांवर हीं कौलें मांडीत. एक ओळ उताणी, तिच्या दोन्ही कडांवर दुसरी ओळ पालथी. उताण्या कौलांची पन्हळ होई आणि पालथें कौल सांधा झांकी. या सगळ्या रचनेंत एकही खिळा नसे, एकही चिमूट चुना नसे. कौल आपल्या वजनानें आणि शेजारच्या कौलाच्या आधारानें जागीं राही.

हीच त्याची सोय आणि हीच त्याची खोड. मांजर धांवलें, वानरें उतरलीं, कावळ्यानें चोंच घातली, वळवाचा वारा सुटला, कीं कौलें सरकत. सांध्यांत पालापाचोळा सांठे, त्यावर धूळ बसे, आणि पाणी अडून उलटें आंत वळे. म्हणून दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं सारीं कौलें उतरवून, झाडून, फुटलेलीं बाजूला काढून पुन्हा मांडावीं लागत. यालाच ‘कौलें परतणें’ म्हणत. विदर्भांत ‘कवेलू फेरणें’ म्हणत. ऐकणारांपैकीं ज्यांचें बालपण कौलारू घरांत गेलें असेल, त्यांना तो दिवस आठवत असेल. वर आढ्यावर अनवाणी पायांनीं वाशावरून वाशावर सरकणारा जाणता गडी, खालीं कौलें झेलणाऱ्या माणसांची रांग, आणि घरांत आढ्यापासून भुईपर्यंत उतरलेली वर्षभराची काजळी. त्या दिवशीं स्वयंपाक पडवींत किंवा झाडाखालीं होई. घरांतल्या बायका हंडे-कळश्यांवर फडकीं टाकीत, अंथरुणें बाहेर काढीत, आणि संध्याकाळीं तेंच घर दोनदां झाडून पुन्हा सारवीत. आज एकाच्या घरीं, उद्यां दुसऱ्याच्या घरीं, अशी शेजाऱ्यांची पाळी लागे. मजुरीचा हिशेब फारसा कोणी ठेवीत नसे. जेवण आणि पुढच्या खेपेचा शब्द एवढ्यावर काम भागे.

घांटाच्या पूर्वेस हा सारा थाट वेगळा. खानदेशांत आणि वऱ्हाडांत त्याला ‘धाबें’ म्हणतात. सोलापूर आणि मराठवाड्याकडे ‘माळवद’ म्हणतात. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा फांट्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर मातीचा जाड थर, असें तें सपाट छप्पर. उन्हाळ्यांत आंत गारवा राहतो, थंडींत ऊब राहते, आणि रात्रीं वर अंथरूण घालून निजतां येतें. धान्य, मिरच्या, सांडगे वाळविण्यास तें उत्तम अंगण होय. उजेडासाठीं मधोमध एक साणें ठेवीत, आणि पावसाचें पाणी बाहेर टाकण्यासाठीं कडेला पन्हाळ्या बसवीत.

मातीचें छप्पर पावसांत वाहून कसें जात नाहीं, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर मातीच्या निवडींत आहे. धाब्याला शेतांतली काळी माती चालत नाहीं. ती उन्हानें तडकते आणि भेगांतून पाणी घरांत येतें. त्यासाठीं पांढरी, खारवट माती लागते. खाऱ्या मातींतील क्षार सोडियमचे असतात. त्यांच्या योगानें पाणी पडतांच मातीचे सूक्ष्म कण एकमेकांपासून सुटे होतात, आणि खालचीं छिद्रें भरून काढतात. वरची बोटभर माती ओली झाली, कीं तीच खालच्या मातीला झांकण घालते. रसायनशास्त्राचें पुस्तक ज्यांनीं पाहिलें नव्हतें, त्यांनीं हें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या गळतीवरून मिळविलें होतें. अशी माती मिळविण्यासाठीं लोक ओसाड पडलेल्या जुन्या वस्त्यांचीं टेकाडें खणीत. गांवठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याचा प्रघात आणि ही पांढरी माती यांचें नातें उघड आहे. पुराणवस्तु-संशोधकांना मात्र त्यानें अनेक ठिकाणीं हळहळण्याचा प्रसंग आला. हजारों वर्षांपूर्वींच्या वस्तीचे थर कोणाच्या तरी धाब्यावर जाऊन पसरले होते.

धाब्याचीही वार्षिक शाकारणी असे. मृगापूर्वीं जुन्या थरावर नव्या खाऱ्या मातीचा पातळ थर पसरावयाचा, तो चोपून बसवावयाचा, आणि पन्हाळ्या मोकळ्या करावयाच्या. जुनी माती काढून टाकण्याचे श्रम सहसा कोणी घेत नसे. नवी माती जुन्यावर चढत जाई. या संवयीचा परिणाम काय झाला, तें पुढें येईलच.

किल्ले, वाडे आणि देवळें यांसाठीं तिसरा मार्ग होता, तो चुनेगच्चीचा. भाजलेला चुना, वाळू आणि विटांची पूड म्हणजे सुरखी यांचा गारा करून तो सपाट छपरावर पसरीत, आणि लांकडी चोपण्यांनीं तासन्‌तास, कित्येकदां दिवसेंदिवस, चोपीत. चुन्यांत गुळाचें पाणी, बेलफळाचा चीक, हिरड्याचा काढा असे पदार्थ घालण्याची चाल होती. ही केवळ समजूत नव्हती. साखरेच्या पाण्यांत चुना अधिक विरघळतो, आणि त्यामुळें तो सुरखीच्या कणांशीं अधिक एकजीव होतो. सुरखीच्या योगानें चुन्याला ओलाव्यांतही घट्ट होण्याचा गुण येतो. चोपण्याचें कारणही तितकेंच खरें. चुना सुकतांना आकसतो आणि बारीक भेगा पडतात. ओला असतांच त्याला चोपत राहिलें, तर त्या भेगा जन्मतांच मिटतात. ज्यांच्या हातांत चोपणीं होतीं त्या बहुधा मजूर स्त्रिया होत्या. एखादी गच्ची शंभर-दीडशें वर्षें गळली नाहीं, तर त्याचें श्रेय बांधविणाऱ्याच्या नांवाइतकेंच त्या अनाम हातांनाही दिलें पाहिजे.

ही जुनी व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हलली, आणि ती हलविणारी वस्तु होती एक लाल, चपटें कौल. फ्रान्सच्या आल्सास प्रांतांतील गिलार्दोनी बंधूंनीं १८४१ मध्यें एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचें पेटंट घेतलें. त्याच्या कडांना खांचा आणि उंचवटे असत. एका कौलाचा उंचवटा शेजारच्याच्या खांचेंत बसे. पाठीवरच्या खुंटीनें तें लांकडी रिपेला अडके. म्हणजे सांधा झांकण्यासाठीं कौलांची दुहेरी ओळ घालण्याची गरज उरली नाहीं, आणि कौल सहसा सरकेनासें झालें.

या जातीचें कौल हिंदुस्थानांत आणलें तें बासेल मिशननें. स्वित्झर्लंडमधील या धर्मसंस्थेचे पहिले मिशनरी १८३४ मध्यें मंगळुरास उतरले होते. धर्मांतर केलेल्या लोकांना त्यांच्या जातीनें टाकलें, म्हणजे त्यांचा पोटाचा धंदाही जाई. त्यांना काम देण्यासाठीं मिशननें विणकाम, छापखाना असे उद्योग काढले. जर्मन मिशनरी गेओर्ग प्लेब्स्ट यानें मंगळूरच्या आसपासची माती पारखली, आणि १८६५ मध्यें नेत्रावती नदीच्या कांठीं जेप्पू येथें कौलांचा पहिला कारखाना सुरू केला. आरंभीं माती मळण्याचें काम बैलांच्या बळावर चाले. पुढें वाफेचीं यंत्रें आलीं. १८६८ पर्यंत अल्बुकर्क या देशी घराण्याचाही कारखाना निघाला, आणि पाहतां पाहतां मंगळुरापासून मलबारपर्यंत कौलांच्या भट्ट्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. पहिल्या महायुद्धांत जर्मन संबंधामुळें मिशनच्या कारखान्यांवर सरकारनें ताबा बसविला, आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. पण तोंवर ‘मंगळुरी कौल’ हें नांव धर्मसंस्थेपासून सुटून बाजाराचें झालें होतें.

हें कौल सुमारें १६ इंच लांब आणि साडेनऊ इंच रुंद असतें. १०० चौरस फुटांस अशीं १५० च्या आसपास कौलें पुरतात; नळीचीं कौलें त्याच्या कितीतरी पट लागत. छपराचें ओझें घटलें, तसे वासे बारीक चालूं लागले. मचवे आणि पडाव भरून हीं कौलें कारवार, गोमंतक, मालवण, रत्नागिरी असें करीत मुंबईच्या बंदरांत येत. त्या पाठोपाठ शाळा, कचेऱ्या, स्टेशनें, चाळी आणि शेवटीं सामान्य गृहस्थाचें घर लाल झालें. वर्षांतून एकदां सारें छप्पर उतरविण्याचा व्याप गेला. फुटलेलें एखादें कौल बदललें कीं काम झालें. घरच्या माणसांची दगदग वांचली, पण कुंभाराचें काय झालें, याचा विचार फारसा कोणी केला नाहीं. ज्या कौलांवर त्याचा उन्हाळा निघे, तें काम समुद्रमार्गें आलेल्या मालानें नेलें. त्याच्या हातीं माठ, परळ आणि पणत्या तेवढ्या उरल्या.

मंगळुरी कौलाला आणखी एक साहाय्यक अनपेक्षितपणें मिळाला, तो म्हणजे प्लेग. १८९६ मध्यें मुंबईंत मांडवीच्या वस्तींत हा रोग प्रकट झाला, आणि पुढच्या वर्षीं पुण्यानें त्याचा कहर पाहिला. रोगाचें मूळ तेव्हां कोणालाच नीट उमगलें नव्हतें. अंधार आणि कोंदटपणा यांवर संशय होता, म्हणून प्लेगच्या पथकांनीं कित्येक घरांचीं कौलें काढून छपरें उघडीं केलीं, कीं ऊन आंत यावें. ज्या कुटुंबाचें माणूस इस्पितळांत गेलें, त्याच्या डोक्यावरचें छप्परही गेलें. त्या काळच्या लोकक्षोभांत या उघड्या पडलेल्या घरांचाही वांटा होता.

पुढें १९०५ पासून मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग-संशोधन मंडळाचें काम सुरू झालें. त्या मंडळानें लहान लहान घरांसारख्या कोठ्या मुद्दाम बांधविल्या. कांहींवर देशी कौलें घातलीं, कांहींवर मंगळुरी कौलें, आणि कांहींना उंदरांचा शिरकाव होऊं नये म्हणून बारीक जाळी मारली. आंत गिनीपिग ठेवून रोग कसा पसरतो तें पाहिलें. जेथें उंदरांच्या पिसवा पोंचल्या तेथें रोग पसरला. जेथें पिसवा नव्हत्या, तेथें रोगी आणि निरोगी जनावरें एकत्र राहूनही रोग लागला नाहीं. उंदीर, पिसू आणि माणूस ही सांखळी अशा रीतीनें उघडकीस आली. नळीच्या कौलांखालच्या पोकळ्या उंदरांना वस्तीला फार सोयीच्या, हेंही त्या निमित्तानें नजरेस आलें. ज्या छपराखालीं पिढ्या निर्धास्त निजल्या होत्या, त्याचीच भीति वाटूं लागली.

याच सुमारास गरिबाच्या छपरावर पन्हळी पत्रा चढूं लागला. पत्र्याला लाटा दिल्यानें तो ताठ होतो, ही युक्ति लंडनच्या हेन्री पामर यानें १८२९ मध्यें पेटंट केली. पुढच्या दशकांत जस्ताचा मुलामा देण्याची रीत निघाली आणि पत्रा गंजापासून वांचूं लागला. त्याला ना कुंभार लागे ना शाकारणी. गवताच्या आगीचें भयही त्यानें घालविलें. पण उन्हाळ्यांत तें घर भट्टी होई, आणि पावसांत आंतल्या माणसांना एकमेकांचें बोलणें ऐकूं येत नसे. पुढें ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आले. ते स्वस्त व टिकाऊ होते. परंतु ॲस्बेस्टॉसचे तंतु फुप्फुसांत गेल्यास कर्करोग होतो, हें आतां निर्विवाद ठरलें आहे.

सर्वांत मोठा पालट सिमेंटनें केला. १९१४ मध्यें पोरबंदर येथें सिमेंटचा कारखाना चालूं झाला, आणि १९३६ मध्यें अनेक कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. स्थापन झाली. त्याच दशकांत मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हल मैदानाच्या कडेला सपाट माथ्यांच्या नव्या इमारती उठल्या. २०१८ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत ज्यांना स्थान दिलें, त्यांत यांतील अनेक आहेत. लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या त्या छपरानें शहराला मजल्यावर मजला दिला, आणि मध्यम वर्गाला गच्ची दिली. कौलारू घर गांवाकडचें आणि स्लॅबचें घर सुधारलेलें, अशी प्रतिष्ठेची पायरी ठरली. ९० इंच पावसाच्या शहरानें २५ इंच पावसाच्या मुलखाचा आकार डोक्यावर घेतला, ही गोष्ट मात्र त्या उत्साहांत कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

काँक्रीट दिसावयास अभेद्य, पण दिवसां तापून पसरतें आणि रात्रीं निवून आकसतें. त्यांत केसासारख्या भेगा पडतात. गच्चीला पुरेसा उतार नसला, तर पाणी त्या भेगांवर तासन्‌तास उभें राहतें आणि खालीं झिरपतें. सळईला काँक्रीटच्या अल्कलीपणाचें संरक्षण असतें. हवेंतील कर्बवायूनें तें कालांतरानें घटतें, आणि मग ओल पोंचतांच सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी पट फुगतो, आणि खालचा गिलावा फोडून बाहेर येतो. माजघराच्या छतावर प्रथम पिवळा डाग दिसतो, मग पोपडा सुटतो, आणि एके दिवशीं ढलपा खालीं येतो. यावर उपाय म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर चिनी मातीच्या फुटक्या लाद्या, डांबराचे थर, रासायनिक लेप असे अनेक प्रकार निघाले. त्यांतला विटांचा कोबा म्हणजे जुन्या चुनेगच्चीचाच सिमेंटमधला नातू होय. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंचांहून अधिक, पाऊस पडला, तेव्हां सपाट छपरांची कसोटी जशी लागली तशी पूर्वीं क्वचितच लागली असेल.

आणि आतां मुंबई-ठाण्याच्या उपनगरांतून जो फिरेल, त्याला एक चमत्कारिक देखावा दिसतो. चार-पांच मजल्यांच्या इमारतींच्या सपाट गच्च्यांवर लोखंडी सांगाडे उभे आहेत, आणि त्यांवर उतरतीं पत्र्याचीं छपरें बसविलीं आहेत. गळतीला कंटाळलेल्या रहिवाशांनीं शेवटीं आढें आणि वळचण यांचाच आश्रय केला आहे.

सपाट छपराची खरी किंमत मात्र दुसरीकडेच मोजावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशीचें विसर्जन झालें होतें, आणि थकलेलीं गांवें गाढ झोंपेंत होतीं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गांवांत सुमारें ८,००० माणसें मेलीं. भूकंप जगांतल्या मोठ्या भूकंपांपैकीं नव्हता. पण मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचीं माळवदें, यांनीं तो मोठा केला. पिढ्यान्‌पिढ्या दर मृगापूर्वीं चढविलेला मातीचा थर कित्येक घरांवर दीड-दोन फुटांपर्यंत वाढला होता. गळतीपासून वांचण्यासाठीं जी माती वर नेली, तीच निजलेल्यांच्या अंगावर आली. त्यानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि माळवदाऐवजीं तेथें काँक्रीटचीं छपरें आलीं. त्या घरांत उन्हाळ्यांत उकडतें, अशी तक्रार जुनीं माणसें करतात. पण पुन्हा माळवद घालण्यास कोणाचें मन सहजासहजीं धजत नाहीं.

येथें धाब्याच्या जुन्या कारागिरांना दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांनीं दरसालच्या पावसाला उत्तर शोधलें होतें; शतकांतून एखादे वेळीं येणाऱ्या भूकंपाचा अनुभव त्यांच्या गांठीं नव्हता. चुकलें तें एवढेंच, कीं नवी माती चढवितांना जुनी उतरविण्याचें काम दर पिढीनें पुढच्या पिढीवर टाकलें. कौलें परतणाऱ्या कोंकण्याला तें टाळतां येत नसे. कौल उचलल्याशिवाय मांडतां येत नाहीं. त्यामुळें त्याला दरवर्षीं वासा किडला कीं नाहीं, आढें वांकलें कीं नाहीं, हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें लागे. शाकारणीचा खरा उपयोग गळती थांबविण्यापुरता नव्हता. वर्षांतून एकदां घराचे सारे सांधे उघडून पाहण्याची ती सक्ति होती.

गवत, कौल, माती, चुना, पत्रा, सिमेंट, या प्रत्येक छपरानें आपल्या वेळीं असें आश्वासन दिलें, कीं आतां दरवर्षींची दगदग संपली. प्रत्येकानें आधींच्या छपराचा एक दोष घालविला, आणि आपला एक नवा दोष घरांत आणला. गवतानें आग आणली, नळीच्या कौलांनीं उंदीर आणले, माळवदानें ओझें आणलें, काँक्रीटनें लपलेला गंज आणला. पाण्याचा स्वभाव मात्र बदलला नाहीं. त्याला खालीं जावयाचें असतें, आणि वाट दिली नाहीं तर तें आपली वाट काढतें. शहरांतल्या बिऱ्हाडांत आतां वासे नाहींत आणि कौलेंही नाहींत. तरी मे महिना लागला, म्हणजे कोणीतरी गच्चीवर जाऊन पन्हाळीच्या तोंडाशीं अडकलेला पाला काढावा, भेगांकडे नीट पाहावें, आणि ओलीचा डाग रंगाखालीं झांकून टाकूं नये. आजी-आजोबांच्या घरीं याच कामाला शाकारणी म्हणत असत.